लग्नातल्या वजनाचे फिन

कोकणात सर्फिंगला पळणाऱ्या पुणेकरांनो, आज माझ्या ट्विन फिन बोर्डासाठी नवे फिन मागवायला बसलो.

फिन म्हणजे बोर्डाच्या शेपटीखाली बसणारे दोन पंख. मोठे असले तर बोर्ड लाटेला धरून राहतो. छोटे असले तर झटकन वळतो, पण घसरतोही.

आकार आपल्या वजनावर ठरतो: वजन जास्त, तर फिन मोठे. मी साइटवर वजन टाकलं, मध्यम आकार आला. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "हे लग्नातलं वजन आहे. आत्ताचं टाक."

"जरा छोट्या फिनवर मजा येते गं."

"येते ना. मागच्या वेळी तू घसरलास तेव्हा अख्ख्या किनाऱ्याला आली होती."

आत्ताचं वजन टाकून मोठे मागवले. आता निवांत वाटतंय, कारण शनिवारी लाटेवर आत्ताचाच मी उभा राहणार आहे.

तुमचं वजन कुठल्या वर्षात थांबलंय?