दोऱ्याने बांधलेली पत्रिका

आमच्या सेक्टर तीसच्या मार्केटमागे त्यांचा छापखाना होता. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना ‘प्रेसवाले’च म्हणत. पायाने ट्रेडल चालवत ते उजव्या हाताने कोरा कागद आत सरकवायचे आणि यंत्राचा जबडा मिटून उघडला की डाव्या हाताने छापलेला उचलायचे. मग कागद उलटा करून, डोळे मिटून त्यावर बोट फिरवायचे. खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, वळ मागच्या बाजूला लागला, तर तो कागद सरळ रद्दीत. मला हा माणूस जरा विक्षिप्तच वाटे.

ताईची लग्नपत्रिका त्यांनीच छापली. पुढे नवरदेवाचे वडील आजारी पडले आणि लग्न लांबलं. मोडलंच, असं लोक आमच्यामागे बोलू लागले. तीन महिन्यांनी मी नवी तारीख घेऊन ओशाळत छापखान्यात गेलो. आमचे खिळे एव्हाना सुटून भलत्याच पत्रकांत गेले असणार!

त्यांनी फळीवरून दोऱ्याने बांधलेली आमच्या पत्रिकेची अख्खी जुळणी उतरवली आणि फक्त तारीख बदलली.

“शादी का मैटर फेरों से पहले नहीं खोलते, बाबूजी.”

एवढे दिवस बाकीच्या कामांसाठी ते शेजारच्या प्रेसमधून खिळे उसने आणत होते, हे मला नंतर कळलं.

लग्नात अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या, लोक पंगतीला बसले, तरी प्रेसवाले दारातच उभे. सप्तपदी झाल्यावर मी त्यांना बोलवायला गेलो.

“हो गए फेरे?”

“हो गए.”

“तो अब खोल दूँ,” म्हणाले, आणि न जेवताच सायकलवर टांग टाकून छापखान्याकडे निघाले.