तक्रारीला साहेब नव्हता

“सर, माझ्या मेन्यूत तक्रार न्हाईच,” वैशाली फोनवर सांगत होती. माझ्या स्क्रीनवर मला तक्रार स्वच्छ दिसत होती. डाव्या पट्टीत, सगळ्यात खाली, ‘तक्रार नोंदणी’.

जालन्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरी करतो. एका बियाणे कंपनीचं ॲप आम्ही सांभाळतो. वैशाली त्या कंपनीची जाफराबादकडची प्रतिनिधी. आपल्याच गावात आणि आसपास ती बियाणं विकायची. यंदा तिच्या शब्दावर ज्यांनी सोयाबीन पेरलं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं उगवलंच नव्हतं. त्यात तिचे सख्खे काकाही होते. कंपनीचा नियम साधा होता. पेरणीनंतर ठरलेल्या मुदतीत तक्रार नोंदवली, तर माणूस येऊन शेत पाहणार आणि बियाणं बदलून देणार. पण यंदापासून कागदी अर्ज बंद. तक्रार फक्त ॲपवर, तीही प्रतिनिधीनेच नोंदवायची.

“हेल्पलाइनला विचारलं का?”

“रोज विचारून राह्यले. ते म्हणतेत, शेवटी आहे, नीट बघा. शेवटी गोदाम आहे सर. त्याच्याखाली काहीच न्हाई.”

मी तिच्या स्क्रीनचा फोटो मागवला. तो पाहिला आणि माझं डोकं फिरलं. प्रतिनिधींना जुने, बुटक्या स्क्रीनचे लॅपटॉप दिलेले होते. त्यावर ‘गोदाम’ हा शब्दही अर्धाच दिसत होता.

डावीकडच्या त्या उभ्या पट्टीला आम्ही साइडबार म्हणतो. तिची उंची स्क्रीनएवढीच असते. नावं जास्त झाली की ती मावत नाहीत, त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. त्यावर दोन सरळ उपाय आहेत. पट्टी सरकू द्यायची, म्हणजे खालचं वर आणता येतं. नाहीतर नावांचे गट करून एकात एक घालायची. तिसरा उपाय आडदांड आहे. मावत नाही ते कापायचं. मग ते ॲपमध्ये असतं, पण दिसत नाही, आणि कितीही सरकवा, हाती लागत नाही. आमच्या ॲपमध्ये हा तिसरा उपाय होता.

तो मी निवडला नव्हता. मी पट्टी सरकती ठेवली होती. पण बियाणे कंपनीच्या मोठ्या साहेबांना ॲप प्रोजेक्टरवर दाखवायचं होतं, आणि तालमीच्या वेळी सेल्सचे मुख्य मुळे साहेब यांना पट्टीच्या कडेला येणारी, ती सरकवायची करडी दांडी खुपली.

“ही काढा. घाण दिसून राह्यली.”

“सर, ती काढली तर छोट्या स्क्रीनवर खालची नावं दिसणार नाहीत.”

“छोट्या स्क्रीनवर कोण बघतंय?”

आमचे मालक संजयभाऊ यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. दांडी गेली, तिच्याबरोबर पट्टीचं सरकणंही. त्या दिवशी प्रोजेक्टरवरही तक्रार दिसली नाही. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

गट करायचंही मी सुचवून पाहिलं होतं. पण मार्केटिंग, वाहतूक, वसुली, गोदाम, प्रत्येकाला एकेक साहेब. लग्नपत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर यावरून रुसवे होतात, तशा मीटिंगा झाल्या. “मी काय त्याच्या हाताखाली आहे का?” असं एकाने चक्क विचारलं. दुसऱ्याच्या गटात जायला कोणी तयार होईना. शेवटी कोण किती जुना ते पाहून नावं लागली. तक्रारीला साहेब नव्हता. ती तळाला गेली.

“कंट्रोल धरून मायनस दाबा,” मी वैशालीला सांगितलं. “अक्षरं बारीक होतील. दाबत राहा.”

“झाले बारीक. हां, आली सर. आली.” मागे माणसांचे आवाज येत होते. ती त्यांना म्हणाली, “थांबा काका, सापडली.”

मग एकच बटण पुन्हा पुन्हा दाबल्याचा आवाज आला.

“काय झालं?”

“लिहून येतंय, मुदत संपली.”

मुदत आदल्या दिवशी संपली होती.

मी संजयभाऊंना घेऊन मुळे साहेबांकडे गेलो. फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणालो, चूक ॲपची आहे, मुदत वाढवा. साहेबांनी फोटो पाहिला, आमच्यासाठी चहा सांगितला.

“सिस्टममध्ये जाफराबादची एकही तक्रार न्हाई. मंग बियाणं बराबरच असणार ना?”

“तिने हेल्पलाइनला रोज फोन केलेत, सर.”

“फोन म्हणजे तक्रार न्हाई. तक्रार ॲपवर.”

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, म्हणतात. इथं राहिलं.

बाहेर आल्यावर संजयभाऊ माझ्यावरच घसरले. “तू कोड लिहायला आल्ता का वकिली करायला? पुढच्या वर्षीचं काम याच माणसाच्या हातात आहे.” मला त्या दोघांचीही किळस आली.

ऑफिसात येऊन मी कोणाला न विचारता पट्टी पुन्हा सरकती केली. एका ओळीचं काम. गरज असेल तिथेच दांडी दिसते, त्यामुळे मुळे साहेबांच्या मोठ्या स्क्रीनवर ती उमटलीच नाही. त्यांना अजूनही माहीत नाही.

हंगाम संपल्यावर मी वैशालीला फोन केला.

“मेन्यू नीट दिसतो का आता?”

“दिसतो की. सर, कंपनीतून फोन आल्ता. माझा सत्कार आहे म्हणे. एकही तक्रार न्हाई असा विभाग म्हणून.”

“जाणार का?”

“न्हाई. घरी काका बोलत न्हाईत माझ्याशी, आणि तिथं जाऊन शाल घेऊ का?” मग म्हणाली, “तक्रार आता बराबर दिसते सर. पण मला सांगायला कोणी येत न्हाई.”

सत्कार झाला. तिच्या नावाची शाल मुळे साहेबांनी स्वीकारली.

आता कुठलंही ॲप हातात आलं की मी आधी मेन्यूच्या तळाशी जातो. मालकाला जे ऐकायचं नसतं, ते तिथे असतं. आणि हे बघायला मी ऑफिसातला सगळ्यात बुटका लॅपटॉप घेतो.