खालच्या कोपऱ्यातला श्री

गजभिये सिस्टरांच्या बाबांचं बोट कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात थांबलं.

"हे पान समजलं. आन् हे काय व्हय?"

मी कार्ड हातात घेतलं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात दुपारीही अंधारच असायचा. दारात जाऊन कार्ड तिरपं धरलं तेव्हा दिसलं. कोपऱ्यात छोटा 'श्री', बिनरंगाचा, नुसत्या उठावाचा. गठ्ठ्यातली पुढची कार्डं पाहिली. सगळ्यांवर होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हातानं शुभेच्छापत्रं करणाऱ्या एका दुकानात मी नोकरीला होते. ऑर्डर घेणं, चित्रं रंगवणं आणि माल वेळेत देणं माझ्याकडे. प्रेस चालवणं मालकांकडे. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे.

ही ऑर्डर गजभिये सिस्टरांची होती. सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आता काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. दसऱ्याला, दीक्षेच्या दिवशी, घरी पाहुणे येणार होते. प्रत्येकाला बाबांनी स्वतःच्या हातानं कार्ड द्यायचं, असं सिस्टरांनी ठरवलं होतं. आपण काय देतो आहोत ते बाबांना कळावं, म्हणून एम्बॉसिंग.

एम्बॉसिंग म्हणजे कागद न फाडता त्याला उठाव देणं. धातूच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, जाड कागद ठेवून प्रेसनं दाबायचा. क्रम ठरलेला. आधी वॉटरकलर, तो पूर्ण वाळला की डाय. उलटं केलं तर रंगातलं पाणी उठाव खाऊन टाकतं.

सिस्टरांनी मागण्या दोनच सांगितल्या होत्या. पिंपळाचं पान बोटाला नीट लागावं. आणि आमच्या दुकानाचा श्री नको. आमच्या प्रत्येक कार्डावर, वर मधोमध, भाऊ शेवटी श्री उठवायचे. श्री नको, हे मी सिस्टरांच्या समोरच भाऊंना सांगितलं होतं. भाऊंनी मान डोलावली होती.

"श्री आहे, बाबा," सिस्टर म्हणाल्या. मग भाऊंकडे वळल्या. "आम्ही नको म्हटलं होतं ना?"

"सवयीनं हात गेला, सिस्टर. काहून मनाले लावून घेता? रंग नाही, काही नाही. कोणाले दिसते?"

"मलेच काही दिसत नाही गा," बाबा म्हणाले. "मले लागलं ना."

भाऊ हसले. "शुभच आहे, बाबा. शिवी थोडीच लिहिली?"

बाबा हसले नाहीत. "तुमाले शुभ असन. मी ते त्या दिवशी मैदानात सोडून आलो. आता माह्याच हातानं वाटू काय?"

भाऊंनी मला इस्त्री तापवायला सांगितली. कोपरा ओलसर करून मागून इस्त्री फिरवली की उठाव बसतो. एका कार्डावर करून पाहिलं. उठाव बसला. पण ओल पानापर्यंत पोचली आणि कडेचा हिरवा रंग पसरला. डोळ्यांना श्री दिसेना. कार्ड बाबांच्या हातात दिलं.

त्यांनी बोट फिरवलं. "अजून आहे."

होताच. दाबानं कागद आतून मोडतो. ती मोड जात नाही.

मी म्हटलं, "भाऊ, नवीन करून देऊ. मी आजपासून बसते."

"कागद कोण देईन? तू?"

सिस्टरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. पसंतीसाठी केलेलं पहिलं नमुना कार्ड त्यांच्या पर्समध्ये होतं. त्यावर श्री नव्हता. ते त्यांनी बाबांच्या हातात दिलं.

"एवढंच घेऊन चला, बाबा."

"एकच? मंग वाटू काय?"

सिस्टरांनी त्यांचा हात धरून त्यांना पायरी उतरवली.

ते गेल्यावर मी भाऊंना विचारलं, "सवयीनं हात गेला असता तर श्री वर पडला असता. पानाच्या देठावर. वर जागा नव्हती, म्हणून तुम्ही खाली शोधली. खाली कोणी श्री काढतं का?"

भाऊ प्रेस पुसत होते. "माह्या दुकानातून श्रीशिवाय काही जात नाही. तू तुझे रंग पाहा वं."

ते सवयीनं झालं असतं तर मी विसरले असते.

दिवाळीत त्याच कार्डांच्या आत भाऊंनी 'शुभ दीपावली' छापलं. इतवारीतल्या एका व्यापाऱ्यानं सगळा गठ्ठा उचलला. श्री खाली का, हे त्यानं विचारलं नाही. माझ्या रंगकामाचं मात्र कौतुक केलं. मी आणखी दोन वर्षं तिथेच काम केलं.

आता माझं स्वतःचं छोटं युनिट आहे. श्रीची डाय माझ्याकडेही आहे. गिऱ्हाईकानं नको म्हटलं की मी ऑर्डरवर तसं लिहिते, कारागिरांना सांगते, आणि त्यानंतरही माल पोचेपर्यंत डाय कपाटात कुलूप लावून ठेवते. नुसत्या मान डोलावण्यावर मी काम सोडत नाही.