तात्या, ढकलू नका

आमच्या गावात पोहता येणारा जो कोणी पन्नाशीच्या आतला बाप्या आहे, त्याला गुंडातात्यानं कधी ना कधी विहिरीत ढकललेलं आहे. मलाही. शाळेत मी सातवीपर्यंत गेलो, तिथल्या निम्म्या मास्तरांची नावं आठवत नाहीत. पण तात्याचा पंजा पाठीत कुठं बसला होता ते आजही बोट ठेवून दाखवीन.

गाव कृष्णेच्या काठाला, सांगलीच्या वरच्या अंगाला. तात्या पाणीपुरवठा संस्थेच्या मोटारीवर ऑपरेटर होता. उन्हाळा लागला की मोटार चालू करून द्यायची आणि पायऱ्यांच्या विहिरीवर पोरं गोळा करायची, हा त्याचा धंदा. धंदा म्हणजे फुकटचा. शिकवायची रीत एकच. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायचा, गावात त्याला डबाच म्हणतात, आणि पोराला चार दिवस त्याच्यावर तरंगू द्यायचं. मग एक दिवस ‘चल, मासं दावतो’ म्हणून थारोळ्यावर न्यायचं. थारोळं म्हणजे पूर्वी मोटेचं पाणी पडायचं तो दगडी कठडा, विहिरीच्या अगदी तोंडावर. तिथं गप्पा मारत डबा सोडायचा आणि द्यायचा ढकलून. पोरगं गटांगळ्या खात वर आलं की तात्या हसायचा, विहिरीवरची सगळी हसायची. झालं शिक्षण.

“शिकवतंय पाणी, गड्या. आपण निस्तं ढकलायचं,” असं म्हणायचा, आणि आम्ही माना डोलवायचो. जे वर आले ते पोहणारे झाले. जे दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत ते भित्रे ठरले. त्यांची गणती तात्यानं केली नाही, आम्हीही केली नाही. ती महापुरानं केली.

दोन हजार एकोणीसचा तो पूर. होडीत वल्ह्यावर तात्या, पुढं मी. मदनच्या घराला पाणी स्लॅबला टेकलेलं. मदन म्हणजे खताच्या दुकानाचा मालक, दारात उभा राहिला तर दार झाकून टाकणारा गडी. त्याच्या बायकोनं, कस्तुरीवहिनीनं, लहानगी स्वप्नाली आमच्या हातात दिली आणि स्वतः होडीत उतरली. मदन मात्र गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला मिठी मारून बसला.

“मदन, ये रं. हात दे,” तात्यानं हात पुढं केला.

मदन त्या हाताकडं बघत म्हणाला, “तात्या, ढकलू नका.”

“आरं, कोन ढकलतंय तुला?”

“तात्या, ढकलू नका.”

चाळिशीतला माणूस. आवाज आठ वर्षांच्या पोराचा. शेवटी मागनं आलेल्या बोटीतल्या जवानांनी त्याला चादरीत गुंडाळून खाली घेतलं.

पूर ओसरला. मी तहसीलपुढं मांडव टाकून बसलो होतो, पंचनाम्याच्या भांडणात. तात्या तिथं आला आणि म्हणाला, “माझ्याबरं मदनकडं चल.”

“मी कशाला?”

“तू भांडकुदळ हायस. तुझ्याम्होरं माणसं खरं बोलत्यात.”

दुकानात चिखल होता. मदननं आम्हाला उलट्या घातलेल्या क्रेटवर बसवलं. तात्यानं आडवळण घेतलं नाही. “माझं काय चुकलं, मदन?”

मदन आधी ‘जाऊ द्या’ म्हणाला. मग बोलला. “ढकललासा, त्याचं काय न्हाई, तात्या. पर मी वर आलो तवा तुमी हसत हुतासा. मला वाटलं, मी मेलो आसतो तरी ह्यो मानूस हसलाच आसता. आजून यष्टी पुलावर आली की मी डोळं मिटतो. लोकांस्नी वाटतं, णमोकार मंत्र म्हणतोय.”

मी मोर्चे काढले, साहेबांच्या केबिनीत खुर्च्या आपटल्या, पुढाऱ्यांना चौकात अडवलं. पण ‘माझं काय चुकलं’ असं विचारत दारोदार फिरलेला एवढा एकच माणूस माझ्या बघण्यात आहे. जे जे विहिरीवरून पळाले होते त्या सगळ्यांकडं तात्या गेला. एकानं दारातूनच हाकललं. एक जण म्हणाला, “मासं दावतो म्हणालासा आन् ढकललं. तवापास्नं कुणी ग्वाड बोललं की मी सावध हुतो.” तात्या हे ऐकून घरी जायचा आणि जेवायचा नाही. त्याची म्हातारी माझ्यावर डाफरायची, “कशाला गावभर फिरीवतोस रं त्यास्नी?”

त्या फिरण्यातनंच त्याचं शिकवणं बदललं. सत्तरीला टेकलेल्या माणसानं पन्नास वर्षांची सवय मोडली. दुपारी विहिरीवर कुणी नसताना शिकवायचं, म्हणजे हसायला कुणी नको. पहिले काही दिवस नुसतं पायरीवर बसायचं. श्वास सोडायची सवय घरच्या घमेल्यात करायची. पाण्यात उतरल्यावर तात्या पोराला धरायचा नाही. आपला तळवा पाण्याखाली पसरायचा आणि म्हणायचा, “तू मला धर. वाटंल तवा सोड.” खोटं म्हणून बोलायचं नाही, आज खोल जायचं असेल तर आज खोल जायचं म्हणून सांगायचं.

आणि डबा. डबा आता तो एकदम सोडत नव्हता. त्यात थोडं थोडं पाणी घालायला लावायचा. रोज किती घालायचं ते पोरानं ठरवायचं. पाणी वाढेल तसा डबा कमी उचलतो, तेवढं अंग शिकतं. शेवटी डबा काठोकाठ भरला की त्याचा आधार असतो नसतो सारखाच. मग सोडायला भीती कसली? हे त्यानं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पळालेल्यांचं ऐकून ऐकून सुचलं होतं.

गावाला हे पटलं नाही. “म्हातारा वाळवणं घातल्यागत पोरं पायरीवर मांडतोय,” म्हणाले. येणारी पोरं कमी झाली. पण गेल्या उन्हाळ्यात स्वप्नाली आली. सातवीतली पोरगी, तोंडाची फटाकडी.

“तात्या, आज डब्यात तांब्याभर.”

“तुझी मर्जी.”

“तुम्ही भ्यालासा व्हय?”

“मी लय भ्यालोय. तू घाल.”

मदन तिला घेऊन यायचा. आधी विहिरीकडं पाठ करून बसायचा. मग तोंड फिरवलं. मग एक दिवस बघतो तर गड्याचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात. स्वप्नाली आतून ओरडली, “पप्पा, माझा डबा सुटला की तो तुम्ही बांधायचा. पाणी मी भरणार!” मदन हसला. तात्यानं माझ्याकडं बघितलं. मी ती नजर विसरणार नाही. तात्याला पोरगी तर पोहायला शिकायला हवीच होती, पण खरा विद्यार्थी पायरीवर बसला होता. पोरगीचा डबा सुटला असता तर बाप पाण्यात उतरला असता, आणि जुनं एक देणं फिटलं असतं.

तेवढ्यात शिबिर आलं. आमच्याकडं प्रशिक्षण म्हटलं की आधी बॅनर येतो, पाणी मागनं. पूर-बचाव शिबिर, दोन दिवसांचं, नारिंगी जाकिटं, प्रमाणपत्रं. प्रशिक्षक उपसरपंचाचा पोरगा जयराज. गळ्यात शिट्टी, बरोबर मोबाईलवर शूटिंग करणारा दोस्त. सकाळी सगळी विहिरीवर. आपली वेळ दुपारची, तरी मज्जा बघायला स्वप्नाली आली आणि डबा बांधून थारोळ्यावर बसली. तिचा डबा त्या दिवशी गळ्यापर्यंत भरलेला. दुसऱ्या दिवशी सोडायचा, असं तिनंच ठरवलं होतं. मदन खाली पायरीवर. तात्या आणि मी पलीकडच्या काठाला.

जयराजनं मोबाईलवाल्याला खूण केली आणि तिच्या मागं जाऊन उभा राहिला.

“आरं ए, न्हाई!” तात्या ओरडला.

“डबा हाय की पाठीला! बुडतीय कशाला?” म्हणत त्यानं ढकललं.

गावाच्या डोक्यात डबा म्हणजे रिकामाच. पोरगी गेली ती वर येईना. सुचलं असतं तर तरंगली असती, तेवढं तिला येत होतं. पण भीतीनं अंग लाकूड झालं, आणि पाठीवरचा डबा उचलणारा नव्हता. काठावर पोरं हसत होती. तात्यानं धोतरासकट उडी मारली. तिला वर आणली तेव्हा ती ओकत होती, रडत नव्हती. मदन होता त्याच पायरीवर. त्याला हलता आलं नाही. स्वतःची पोरगी बुडताना बघितली आणि हलता आलं नाही.

मी जयराजचं गचुरं धरलं. तो मला भ्याला नाही, तात्याकडं बघून म्हणाला, “ह्याच थारोळ्यावनं तुमी मला ढकललंसा. आज माझ्याएवढा पोहणारा गावात न्हाई. तुमचीच तर रीत हाय, तात्या! आन् भरल्याला डबा बांधतं व्हय कुणी पोरीला?”

तात्याच्या अंगावरनं पाणी गळत होतं. त्यानं माझा हात जयराजच्या गळ्यावरनं सोडवला.

गावानंही तेच धरलं. म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंय, पोरीला भरलेला डबा बांधला. व्हिडिओ फिरला, ढकलण्यापर्यंतचाच. खाली हसऱ्या इमोजींची रांग. समारोपाला तात्याला शाल द्यायला बोलावलं, ‘गावाला पोहायला शिकवणारे’ म्हणून. त्यानं ती खुर्चीवर ठेवली आणि निघून आला. मग पोरं विहिरीवर रांग लावून यायला लागली. “तात्या, ढकला की! व्हिडिओ करायचाय!”

मदनच्या घरी तो गेला. कस्तुरीवहिनीनं चहा दिला, नीट बोलली. स्वप्नाली आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला एकदा तात्या माझ्याकडं आला आणि उंबऱ्यावरच बसला. “सांगलीला निघालो हुतो यष्टीनं,” म्हणाला. “म्होरच्या उलट्या बाकावर, तोंड माझ्याकडं, मदन आन् पोरगी; गर्दीत त्यांनी मला बघितलं न्हवतं. गाडी पुलावर आली. मदननं डोळं मिटलं. म्हटलं, हे जुनंच. मग बघतोय तर पोरगीनं बी मिटलेलं. गच्च.”

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण कुणाला द्यायच्या ते कळेना.

“मग?”

“मग काय. डोळं उघडल्यावर तिला मीच दिसलो आसतो. म्होरल्या थांब्याला उतरलो. चालत आलो.”