आपला खांब सगळ्यात उंच!

फौंड्रीत दोन गोष्टींचे ढीग कधी संपत नाहीत: भंगाराचे आणि किश्शांचे. भंगार निदान वितळवता तरी येतं!

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी एनर्जी रिपोर्ट करते. म्हणजे एक टन लोखंड वितळवायला जपान किती कोक, म्हणजे भट्टीचा खास कोळसा, जाळतं, जर्मनी किती आणि आम्ही किती, हे मांडायचं. आमच्या भट्टीचे मिस्त्री शंकरबापू. तीस वर्षं त्याच भट्टीसमोर.

जितका कोक जास्त तितका उंच खांब, असा पहिला तक्ता भिंतीवर लावला, तेव्हा मालक गंभीर झाले. "वर्षभरात आपला खांब खाली आला न्हाय, तर ही भट्टी बंद. विजेची आणायची."

सगळे मालकांकडं बघायला लागले. बापू मात्र तक्ता निरखत होते.

"पर मालक, आपला खांब तर सगळ्यात उंच हाय की!"

*

एकदा ऑस्ट्रेलियाच्या कोळशापासून केलेला कोक आला. बापूंनी दोन तुकडे कानाजवळ नेऊन एकमेकांवर वाजवले. "ह्यो ऑस्ट्रेलियाचा. कसा खणखणतोय बघा!"

मी थक्क. "बापू, नुसत्या आवाजावरून देश ओळखलात?"

"न्हाय वो ताई. पोत्यावर लिवलंय की!"

*

बापूंना आकडे पटावेत म्हणून मी त्यांना गिगाज्यूल हे उष्णतेचं माप समजावलं. अर्धा तास! फळा, खडू, बाण, सगळं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"समजलं. आता ह्यात पोती किती, तेवढं सांगा."

मी कॅल्क्युलेटर काढला. बापू जेवून आले, तरी माझं चाललेलंच!

*

कोकचा ढीग उघड्यावर असायचा. पावसात भिजायचा, आणि ओला कोक वाळवण्यातच बरीच आग वाया जायची. हे माझ्या रिपोर्टात होतं, पान अकरावर. तिथंच राहिलं.

बापूंनी शाहूपुरीतनं कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणला आणि ढिगावर बांधून टाकला. दोन महिन्यांत खांब उतरला!

मालक खूश. "कुणी केलं हे?"

बापूंनी ढिगाकडं बोट दाखवलं. "दादांनी!"

गॉगल लावलेले दादा हात जोडून हसत होते.

भट्टी वाचली. निदान त्या वर्षापुरती.

*

आणि भट्टी बघायला आलेला तो जपानी पाहुणा! आमच्या तक्त्यातला सगळ्यात बुटका, जपानचा खांब त्याच्याच फौंड्रीचा. बापू त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आलेले, पण तोंड उतरलेलं. पाहुणा भट्टीजवळ तासभर उभा राहिला. घामाघूम झाला, हलला नाही.

शेवटी बापूंनीच दुभाषी मुलीला गाठलं. "पावण्यांस्नी इचार, त्यांच्यात भट्टीवर कोण असतंय?"

उत्तर आलं, "कॉम्प्युटर."

"व्हय? मग माल बिघडला तर शिव्या कुणाला घालता?"

मुलगी लाजली, पण तिनं विचारलं.

पाहुण्यानं प्रश्न नीट ऐकून घेतला. मग हेल्मेट काढलं, मान झुकवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

बापू बाकड्यावर जरा सरकले, शेजारची जागा हातानं पुसली.

"ताई, दोन च्या सांगा. आपल्यातलंच पावणं हायत ह्ये!"