लोक काय शोधतात

नसरापूरच्या स्टँडवर तो माझ्या शेजारी बसला होता. पुण्याकडचा, तिशीतला गडी. मोबाईलवर अंगठा फिरवायचा आणि वहीतली एक ओळ खोडायचा. नोकरी सोडून बसला होता. त्याला ब्लॉग काढायचा होता, म्हणजे मोबाईलवर लेख टाकायचे आणि जाहिरातींचे पैसे घ्यायचे. ब्लॉग सुरू करायला बायकोनं दिलेली मुदत त्याच दिवशी संपत होती, अन् विषय काही ठरत नव्हता.

"आजोबा, लोक खूप शोधतात पण लिहिणारे थोडे, असा विषय पाहिजे."

मी चौथी नापास, पण भाताचा राब भाजण्यात आमच्या पासली गावात माझा हात धरणारा कुणी नाही. म्हणलं, "राबावर लिवा. पेरायच्या आधी रोपाच्या जागंवर शेण-पाला कसा जाळायचा, म्या सांगतो."

त्यानं मोबाईलवर बघितलं. "हे कुणीच शोधत नाही हो."

"शोधतील कशाला? ज्याला पायजे तो बांधावर येऊन मला इचारतो!" मला रागच आला. "तुमाला सोताला काय येतं?"

"ते नंतर शिकता येतं. आधी मागणी बघायची."

हे तो इतक्या गरीब तोंडानं बोलला की माझा राग निवला. वहीत एकच ओळ खोडायची राहिली होती, ती त्यानं मला दाखवली : 'घरबसल्या पैसे कसे कमवावेत.'

"याला प्रचंड मागणी आहे, आजोबा."

"मग लिवा की, पाव्हणं."

तेवढ्यात पुण्याची एसटी लागली. तो शर्ट खोचत उठला. "निघतो. जुने साहेब परत कामावर घेतात का बघतो."

"आन् ब्लॉग?"

"लिहीन ना. रविवारी सुट्टी असते."