निळी होडी कोण चालवत होतं

हे बोलायला मी आजवर तोंड उघडलेलं नाही. बायकोपाशी नाही, आई होती तेव्हा तिच्यापाशी नाही, आणि ज्याच्यापाशी उघडायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात म्हणून जमेल — असं स्वतःला सांगून बसलोय खरा. याआधीही लिहायला बसलो होतो, पण मध्येच उठून दुकानाचं शटर नीट लागलंय का ते बघून आलो आणि मग परत बसलोच नाही.

एका क्षुल्लक वादापासून सुरुवात करतो, चालेल ना? माझं अंबरनाथला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आणि आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे — लहानपणी टीव्हीला डबडं जोडून व्हिडिओ गेम खेळलेल्या, आता केस पिकलेल्या लोकांचा. तिथे एकच भांडण पुन्हा पुन्हा होतं. जुने गेम नव्या मशीनवर आणावेत का? जसेच्या तसे आणावेत, की नवीन रंगरंगोटी करून? बहुतेकांचं म्हणणं, कसेही आणा, पण आणा. मी एकटा नाही म्हणणारा. तो फुगीर काचेचा टीव्ही गेला, ती फुंकर मारून घालायची कॅसेट गेली, आता नुसता गेम आणून काय करणार? आठवणीत आहे ते मोठं आहे, बाहेर काढलंत की खेळणं होऊन बसेल. असं मी फार तावातावाने लिहायचो. ग्रुपवर मला पुरातत्त्व खातं म्हणतात.

मुद्दे वाईट नव्हते हो. त्यातले काही मला अजूनही पटतात, आणि तेच जास्त टोचतं. कारण मला सगळ्या गेमांचं काही पडलेलं नव्हतं. मला एकाच गेमची भीती होती. तो एक कायमचा मेलेला राहावा, एवढ्यासाठी मी बाकीच्या सगळ्यांना पुरायला निघालो होतो.

त्या गेममध्ये नदी होती. नदीत दोन होड्या, एक लाल आणि एक निळी, आणि दोघींना जोडणारा एक दोर. एक खडकावर आपटली की दुसरीही बुडणार. लाल मी. निळी माझा धाकटा भाऊ मंगेश, म्हणजे मंग्या. मी तेव्हा नववीत होतो आणि तो जेमतेम चौथीत.

आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायचो. गल्लीच्या टोकाला एका सिंधी शेठचा कारखाना होता, तिथे हे टीव्ही गेम जुळवले जायचे. बाहेरच्या मालासारखेच दिसणारे, फक्त आमच्याकडचे. आई तिथून रिमोटचं, म्हणजे खेळायची बटणं असतात त्या डबीचं, काम घरी आणायची. पाच रंगांच्या पाच वायरी, त्या प्लगच्या आत सोल्डर करायच्या, वर झाकण दाबायचं, झालं. आमच्या घरात उदबत्तीपेक्षा सोल्डरचा वास जास्त. मला ते काम आईइतकंच यायचं. कोणती वायर काय करते तेही मला कळायचं, जे आईला कळायची गरज नव्हती. एका दिवाळीला शेठने तिला थोडा टवका गेलेला एक पूर्ण सेट दिला. “ले जाओ बाई, बच्चे खेलेंगे.” तीच ती नदी.

मंग्याला खेळता यायचं नाही. लहान होता, येणार कुठून? खडक दिसला की तो सगळी बटणं एकदम दाबायचा आणि आम्ही बुडायचो. मी चिडायचो. आईचा नियम होता — त्याला घेतल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही. मग एकदा तो मामाकडे गेला, तिकडे बारवी धरणाच्या वाटेला आमचं आजोळ, आणि मी एकटाच खेळायला बसलो. दुसरा रिमोट तसाच पडलेला. आणि काय बघतो — निळी होडी आपोआप चालायला लागली. गेममध्येच ती सोय होती. दुसऱ्या रिमोटवरचं बटण कोणी दाबलंच नाही, तर निळी होडी मशीन चालवणार. आणि काय चालवायची! भोवऱ्याच्या कडेने असं वळण घ्यायची की मला बघतच राहावंसं वाटायचं.

मंग्या परत यायच्या आत मी त्याच्या रिमोटचा प्लग उघडला आणि पाचातली एक वायर काढून ठेवली. बाहेरून काही कळत नव्हतं. तो बटणं दाबणार, पण दाबलेलं कुठे पोचणार नाही.

हे सांगितलं की लोक हसतील, मला माहीत आहे. मोठ्या भावांनी हे जगभर केलंय. आमच्या ग्रुपवरही लोक हसत हसत सांगतात, मी आमच्या छोट्याला असंच फसवायचो. मी तिथे हसण्याची चित्रं टाकतो. एवढंच असतं तर मीही सांगून टाकलं असतं ना?

मंग्या एका दिवसात हुशार झाला. त्याला वाटलं, मामाच्या गावचं दूध लागलं. आम्ही नदीच्या शेवटापर्यंत पोचलो, पडद्यावर फटाके उडले, आणि तो आईच्या गळ्यात जाऊन पडला. शेजारपाजारचे बघायला यायला लागले. मंग्याची निळी बघा रे! आणि एक सांगू? तो नुसता बसलेला नसायचा. वळणाला सगळं अंग कलतं करायचा, ओठ चावायचा. काही महिन्यांनी तर निळी कुठे वळणार हे त्याला तिच्या आधी कळायला लागलं. तो डावीकडे दाबायचा आणि ती डावीकडे जायची. त्याला कसं कळावं की दोघांचा काही संबंध नाही? कधीकधी मलाच शंका यायची.

मग गणपती आले. मंडळाच्या स्पर्धांत त्या वर्षी लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि व्हिडिओ गेम. हाच गेम. शेठनेच दिला होता. मंग्याने नाव दिलं. मला विचारायला आला होता, दादा, देऊ ना? मी म्हणालो, दे की. का म्हणालो? तेव्हा सांगायला हवं होतं ते सांगितलं असतं तर आईने मला बदडलं असतं, एवढंच. मार चुकवायला मी त्याला मंडपात पाठवलं.

सगळी गल्ली जमली होती. लाल होडी मंडळातल्या एका पोराकडे होती. मंग्याने निळीचा रिमोट हातात घेतला आणि त्याची होडी जागच्या जागी गोल फिरली, काठावर आपटली, बुडाली. पुन्हा संधी दिली, पुन्हा तेच. पोरं ओरडायला लागली, कोणीतरी शिट्टी मारली. तो माइकवाल्याला म्हणाला, हा चालत नाय, दुसरा द्या. दुसरा दिला. तोही तसाच. मग त्याने गर्दीत मला शोधलं. मी समोरच होतो. मी एक पाऊल मागे सरकलो आणि मंडपाच्या खांबाआड गेलो.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. नाही. तो दुसऱ्या दिवशी झाला.

मंडळातली मोठी मुलं म्हणाली होती, घरी खेळतो म्हणे, चला बघू, रिमोट उघडून बघू. मी पकडला जाणार होतो. सकाळी मंग्या झोपलेला असताना मी आईच्या कामाच्या ढिगात बसलो, त्याच्या रिमोटचा प्लग उघडला आणि ती वायर परत जोडली. इतकी सफाईदार की आई जाता जाता म्हणाली, छान हात आहे रे तुझा.

म्हणजे काय केलं, लक्षात येतंय ना? वायर सुटलेलीच ठेवली असती तर घरी त्याची निळी पुन्हा नीट चालली असती. मंडपात घाबरलो, असं म्हणून पोर विसरून गेलं असतं. पण तो उठला, तोंडही न धुता टीव्हीसमोर बसला, आणि आता घरीही, त्याच्या स्वतःच्या रिमोटवर, त्याची होडी आपटायला लागली. तो पुन्हा पुन्हा लावत राहिला. मग रिमोट खाली ठेवून त्याने दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि मला विचारलं, “दादा, माझ्या हाताला काय झालं रे?”

मी म्हणालो, होतं असं कधीकधी.

आईने त्याची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या. सगळ्या गल्लीने वाहवा केली होती ना, मग नजर लागणारच. ताटली धरायला मला उभं केलं. चुलीत टाकलेल्या मिरच्यांचा ठसका आला नाही आणि आईचा चेहरा पडला, म्हणजे दृष्ट जबर होती. मंग्या हात पुढे करून डोळे मिटून उभा होता. मी ताटली धरून होतो.

रिमोट तपासायला कोणी आलंच नाही, तेही सांगून ठेवतो.

पुढे तो कधी खेळला नाही. पण खेळाचं काय, खेळ सुटतात. त्याचे हातच सुटले. शाळेत चित्रकलेच्या तासाला हा बाकाखाली. प्रयोगशाळेत परीक्षानळी दुसऱ्याने धरायची. बाबांनी आयटीआयचा अर्ज आणला, वायरमनचं काम आहे, घरचंच आहे म्हणाले, तर हा म्हणाला, माझ्या हाताला यश नाही. अकरा-बारा वर्षांचा नव्हे हो, सोळा वर्षांचा घोडा, आणि हे इतक्या शांतपणे की बाबांनी अर्ज घडी करून परत खिशात ठेवला. आज तो बदलापूरला कात्रपमध्ये एका टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचं काम करतो. चांगला बोलतो. पण भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला बोलावतो. त्याची मुलगी आर्या झाली तेव्हा त्याने पहिले कितीतरी दिवस तिला उचललं नाही. पाडीन, म्हणाला. सगळे हसले, नवा बाप घाबरतोच. मी पाळण्याच्या पलीकडे उभा होतो, आणि तेव्हा मला कळलं की हे एका गणपतीपुरतं नव्हतं. आणि माझ्या दुकानात काय म्हणतात माहीत आहे? दादांच्या हाताला यश आहे.

तर तो गेम आला. नव्या मशीनवर, होता तसाच. ग्रुपवर जल्लोष झाला, आणि मी तिथेही काही बाही खुसपट काढलं. दोन-चार दिवसांत मंग्याचा फोन. तो आता वांगणीला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. आर्याने, ती आता कॉलेजात आहे, त्याला सरप्राइज म्हणून तो घेतला होता. “दादा, रविवारी ये. तू लाल, मी निळा. बघू तरी एकदा हात चालतात का.” त्याचा आवाज चौथीतल्या पोरासारखा झाला होता.

मी गेलो. टाळायला सबब सापडली नाही म्हणून गेलो. गेम सुरू होताच पडद्यावर स्वच्छ अक्षरांत विचारलं — निळी होडी कोण चालवणार, माणूस की कॉम्प्युटर? जुन्यात हे लिहिलेलं नव्हतं. मी मंग्याकडे बघितलं नाही. आर्याने माणूस निवडलं. आम्ही खेळलो आणि बुडालो, पुन्हा खेळलो आणि पुन्हा बुडालो. “बाबा, लेफ्ट घ्या ना यार, लेफ्ट!” तिने दोनतीनदा सांगून बघितलं. मग त्याने रिमोट टीपॉयवर ठेवला आणि हसला. म्हणाला, तू नेहमी म्हणतोस तेच खरं दादा, नव्यात आणलं की मजा जाते. आणि मी मान डोलावली. विश्वास बसतो? मी चक्क मान डोलावली.

आर्याला वाईट वाटलं असावं. थांबा, मी दाखवते, म्हणाली. तिने लाल स्वतः घेतली आणि निळी कॉम्प्युटरला दिली. होडी निघाली. पहिल्या भोवऱ्याशी आली, कडेने तेच वळण घेतलं. मंग्या सोफ्यावर पुढे सरकला. त्याचे अंगठे गुडघ्यावर हलायला लागले. आता उजवी, तो पुटपुटला, आणि ती उजवीकडे गेली. आता थांबेल, आणि ती थांबली. एकही चुकलं नाही. त्याचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. “दादा, बघ! अरे, हे अगदी माझ्यासारखं खेळतंय!” आणि त्याने सुषमाला, त्याच्या बायकोला, स्वयंपाकघरातून बोलावलं. लवकर ये, बघ, मी असा खेळायचो!

आर्याचे हात थांबले. तिने पडद्याच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर हा शब्द वाचला आणि मग माझ्याकडे बघितलं. पोरगी हुशार आहे.

सुषमा पदराला हात पुसत आली. थोडा वेळ बघत राहिली. मग तिने मला विचारलं, “खरंच हो, भाऊजी? इतकं भारी खेळायचे हे?”

यापेक्षा सोपा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारणार नव्हतं. मंग्या माझ्याकडे बघत होता, आर्याही. मी म्हणालो, हो. असाच खेळायचा. हुबेहूब.

कोणी म्हणेल, त्याचा आनंद राखलात. मी आनंदबिनंद काही राखला नाही, मी स्वतःला राखलं. वायर काढली तेव्हा मी पोरगा होतो, जोडली तेव्हाही पोरगाच होतो. हे मात्र मी गेल्या रविवारी बोललो, पन्नाशीला टेकलेला, पूर्ण शुद्धीत, भावाच्या घरी जेवून.